बिग बेसिन: वणव्यानंतरच्या रेडवुड जंगलात एक छोटी चक्कर

पायवाट

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात कुणालाही बिग बेसिनबद्दल विचारा, दोनपैकी एक उत्तर येतं. "ते सगळं जळलं ना?" नाहीतर "आता परत हिरवं झालंय म्हणे." दोन्ही ऐकून कंटाळले, म्हणून या मंचावर हा धागा.

तिथे, रेडवुड या प्रचंड उंच झाडांच्या जंगलात, रेडवुड लूप नावाची जेमतेम किलोमीटरभराची सपाट वाट आहे. जिथून निघतो तिथेच परत येतो. भराभर चाललात तर वीस मिनिटांत संपते, बघत बघत गेलात तर दोन तास कसे जातात कळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बिग बेसिन हे कॅलिफोर्नियाचं सगळ्यात जुनं राज्य उद्यान, १९०२ सालचं. सांताक्रूझच्या डोंगरांत, बोल्डर क्रीक गावाच्या वरच्या अंगाला. १६ ऑगस्ट २०२० ला पावसाविना नुसत्या विजा कोसळल्या, ठिकठिकाणी लहान वणवे लागले. दोन दिवसांनी वाऱ्याने दिशा बदलली आणि ते एकमेकांत मिसळून उद्यानात शिरले. उद्यानाचा ९७ टक्क्यांहून जास्त भाग होरपळला. १९३० च्या दशकात बांधलेली ती देखणी लाकडी कचेरी राख झाली. आग विझेपर्यंत एकूण ८६,५०९ एकर जळलं होतं. जुलै २०२२ मध्ये उद्यानाचा थोडासा भाग पुन्हा उघडला, त्यात हा लूप होता.

गाडीतून उतरल्यावर पहिला धक्का बसतो तो उजेडाचा. आधी भर दुपारी तिथे सांज असायची. आता ऊन थेट जमिनीवर. खोडं काळी कुळकुळीत, आणि त्या काळ्यावर बुंध्यापासून पार शेंड्यापर्यंत हिरवे झुबके. फांद्या जळून गेल्यामुळे झाडाला आकार असा राहिलेलाच नाही. बाटली धुवायचा ब्रश उभा करून ठेवावा तसं एकेक झाड दिसतं. आधी हसूच येतं खरं सांगायचं तर.

वाटेला लागून असलेल्या एका खोडापाशी बराच वेळ थांबले. वरची साल जळून तिचे चौकोनी तुकडे पडलेले, हात लावला की बोटं काळी. पण तुकड्यांमधल्या भेगेत डोकावलं तर आत तांबूस, धाग्याधाग्यांची साल जशीच्या तशी. त्याच भेगेतून एक झुबका बाहेर आलेला, पंधरा-वीस कोवळ्या काड्यांचा, पोपटी. सगळ्यांत मधली काडी माझ्या करंगळीएवढी जाड झाली होती आणि बाजूच्या बारक्या काड्या वाळायला लागल्या होत्या. म्हणजे कोण फांदी होणार याची मारामारी तिथल्या तिथे सुरू आहे.

मदर ऑफ द फॉरेस्ट आणि फादर ऑफ द फॉरेस्ट ही दोन्ही नामांकित झाडं उभी आहेत.

माझं म्हणणं एवढंच की "पूर्ण बरं झालं की जाऊ" म्हणून थांबू नका. हे असं जंगल पुढच्या वीस वर्षांत दिसेनासं होईल. सावलीची जंगलं नंतरही बघता येतील.

कुणी वसंतात गेलं असेल तर लिहा. मी उन्हाळ्यातच गेले आहे.

खारुताई

मस्त! फोटो टाका की. मुलांना घेऊन जायचा विचार आहे, धाकटी पाच वर्षांची. सुरक्षित आहे का? वरून काही पडत नाही ना?

टेकडीवाली

मी उलटं मत देते, राग मानू नका. सासू-सासरे आले होते तेव्हा त्यांना मोठ्या हौसेने नेलं. नवऱ्याने आधीच "आकाशाला टेकलेली झाडं, गर्द सावली" असं वर्णन करून ठेवलेलं. २३६ नंबरच्या त्या नागमोडी रस्त्याने सासूबाईंना गाडी लागली. पोचलो तर डोक्यावर ऊन आणि सगळीकडे काळे खांब. शेवटी त्या म्हणाल्याच, "एवढ्या लांब जळकी लाकडं बघायला आणलंस होय?"

पाहुण्यांना रेडवुड दाखवायचे असतील तर फेल्टनजवळच्या हेन्री कॉवेलला न्या. तिथेही जुन्या झाडांमधून छोटा सपाट लूप आहे, ती राई जळलेली नाही, आणि सावलीत बाकावर बसता येतं.

पायवाट

टेकडीवाली, राग कसला! सासूबाईंचं बरोबरच आहे. सावली सांगून ऊन दाखवलं तर कोणीही चिडेल. पण मी तर म्हणते दोन्ही बघा. आधी हेन्री कॉवेल, मग बिग बेसिन. मध्ये तासाभराचाही रस्ता नाही. कॉवेलमध्ये वर बघितलेलं डोळ्यांत असताना बिग बेसिनला पोचलं की काय गेलंय आणि काय राहिलंय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि हो, गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा.

खारुताई, सुरक्षेचं बीजांकुर जास्त नीट सांगतील, ते तिथे स्वयंसेवक म्हणून जायचे.

बीजांकुर

आलो. आधी सुरक्षा, मग झाडं.

वाटेलगतची धोकादायक झाडं काढून टाकलेली आहेत, पण "सगळं निर्धोक" असं जळलेल्या जंगलात कधीच नसतं. उंचावर अडकलेल्या मेलेल्या फांद्या वाऱ्याने सुटतात. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी जाऊच नका. उद्यानवालेही अशा वेळी बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी त्यांचं संकेतस्थळ बघा. डबा खायला मेलेल्या झाडाखाली बसू नका.

दुसरं म्हणजे वाट सोडू नका. हे फक्त शिस्तीसाठी सांगत नाहीये. जमिनीखाली मुळं आणि जुने बुंधे आतल्या आत जळत जातात आणि पोकळ बिळं राहतात. वरून पानगळ पडून ती झाकली जातात. पाय गुडघ्यापर्यंत आत जातो.

तिसरं, पॉइझन ओक, म्हणजे अंगाला लागला की खाज आणि पुरळ उठवणारं झुडूप. आगीनंतर मुळापासून जोरात फुटतो, आणि आता ऊनही भरपूर. तीन-तीन पानांचा झुबका, कोवळेपणी तांबूस आणि चकचकीत. मुलांना आधीच दाखवून ठेवा. हिवाळ्यात पानं झडलेली असतात तेव्हा नुसत्या काडीला हात लागला तरी तेवढाच त्रास होतो.

आता झाडं. किनारी रेडवुड, म्हणजे बिग बेसिनमधला हाच, जगतो त्याची दोन कारणं. एक, जुन्या झाडाची साल फूटभर जाड असते, तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर आणि राळ जवळजवळ नाही, त्यामुळे ती सहज पेट घेत नाही. दोन, सालीखाली झोपलेले कळे. खोडभर आणि बुंध्याच्या गाठींमध्ये हे कळे वर्षानुवर्षं तसेच पडून असतात, शेंडा गेला की जागे होतात. शंकूधारी झाडांत हे फार दुर्मिळ आहे. पाइन, फर बहुतेक सगळे एकदा पानं जळली की संपले.

बिग बेसिनमध्येच झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये 'नेचर प्लांट्स' या शास्त्रीय नियतकालिकात आला. संशोधकांनी काही कोंब काळ्या प्लास्टिकने झाकले, म्हणजे त्यांना स्वतः अन्न तयार करता येणार नाही, आणि मग त्या कोंबांतल्या कार्बनचं वय काढलं. झाडाने कित्येक दशकांपूर्वी साठवलेली साखर वापरून ते वाढत होते. आणि ज्या कळ्यांमधून ते फुटले त्यांतले काही शेकडो वर्षं जुने होते. तुमच्या पणजीच्या जन्माआधी तयार झालेला कळा परवा फुटलाय.

पण ही साठवण एकदाच खर्चता येते. ती पुन्हा भरायच्या आत परत तशीच आग आली तर काय, हा खरा प्रश्न आहे.

सह्यपुत्र

मी पुण्याचा, तिकडे कधी आलेलो नाही, पण धागा वाचून राहवेना. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटलेले दिसतात. बहुतेक माणसानेच लावलेले. गवत चांगलं उगवतं या समजुतीने, किंवा कुणीतरी विडी टाकली म्हणून. आम्ही पावसाळ्यात रोपं लावायची, उन्हाळ्यात ती जळायची, पुन्हा लावायची. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, काढायला गावोगाव माणसं मिळत नाहीत. आणि तुमच्याकडचे लोक "आग जंगलाला चांगली असते" असं म्हणताना ऐकलं की डोकं फिरतं. नक्की काय समजायचं?

बीजांकुर

सह्यपुत्र, तुमचा राग रास्त आहे. "आग चांगली" हे वाक्य जंगलाचं नाव घेतल्याशिवाय बोलूच नये.

यलोस्टोनमध्ये १९८८ साली ७,९३,८८० एकर जळलं, उद्यानाचा ३६ टक्के भाग. तिथला लॉजपोल पाइन आगीची वाटच बघत असतो म्हणा ना. त्याचे बरेचसे शंकू राळेने घट्ट बंद असतात, उष्णतेने राळ वितळली की बी पडतं. झाड मेलं तरी पुढची पिढी तयार.

जायंट सिकोया, म्हणजे पूर्वेकडच्या सिएरा नेवाडा डोंगरांतला तो महाकाय भाऊ, त्यालाही जमिनीलगतची हलकी आग लागतेच. शंकू उघडायला आणि उघडी माती मिळायला. पण पूर्ण वाढलेल्या सिकोयाचा शेंडा जळला तर तो किनारी रेडवुडसारखा पुन्हा फुटत नाही. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी अंदाजे १३ ते १९ टक्के मेले. हजारो वर्षं आगी झेललेली झाडं दोन हंगामांत गेली. आगीच्या प्रकारातच फरक पडला. शतकभर प्रत्येक ठिणगी विझवत राहिल्याने खाली काटक्या-झुडपांचा खच साठला, त्यात दुष्काळ आणि वाढतं तापमान.

बिग बेसिनच्या परिसरात क्विरोस्ते आणि कोतोनी लोक राहायचे. ते ठरवून, ऋतू बघून लहान लहान आगी लावायचे. नंतर त्यावर बंदी आली. त्या भागातल्या मूळ रहिवाशांचे वंशज, आमाह मुत्सुन, आता ते ज्ञान पुन्हा वापरात आणायच्या खटपटीत आहेत. सह्याद्रीत दरवर्षी कोणीही कुठेही काडी लावतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

जुनाखोड

बीजांकुर, माहिती उत्तम. पण तुम्हा मंडळींचा उत्साह बघून एक-दोन गोष्टी बोलाव्याशा वाटतात. मी या भागात १९८० च्या दशकापासून आहे.

रेडवुड जगले, मान्य. जंगल जगलं का? त्या लूपवर आणि आजूबाजूला डग्लस फरची शेकडो प्रचंड झाडं होती, ती बहुतेक मेली. तुम्ही फोटोत हिरवे झुबके दाखवता तेव्हा त्याच फोटोत मागे उभे असलेले करडे, साल गळालेले सांगाडे कोणाचे आहेत ते कुणी विचारत नाही.

आणि मार्बल्ड मरलेट. हा समुद्रपक्षी आहे. दिवसभर पॅसिफिकमध्ये मासे पकडायचा आणि अंडं घालायला मैलोन् मैल आत जंगलात यायचा. लोकांना कित्येक वर्षं कळेना की याचं घरटं असतं कुठे. १९७४ मध्ये बिग बेसिनमध्येच, उंच झाडावर चढलेल्या एका कामगाराला ते योगायोगाने सापडलं. घरटं म्हणजे तरी काय, जुन्या झाडाच्या रुंद, शेवाळलेल्या आडव्या फांदीवरचा खळगा, त्यात एकच अंडं. त्या रुंद फांद्या जळल्या. आता जे झुबके फुटलेत त्यांतल्या एकाची तशी फांदी व्हायला दोन-तीनशे वर्षं जातील. मरलेट आधीच संकटात आहे, त्याने तोवर काय करायचं?

धुक्याचंही तेच. उन्हाळ्यात इथे पाऊस नसतो, समुद्रावरून धुकं येतं. उंच झाडांची पानं ते अडवतात आणि थेंब खाली पडतात. उत्तरेकडच्या एका रेडवुड जंगलात मोजलं होतं तेव्हा वर्षाच्या पाण्यातला सुमारे तिसरा हिस्सा असा धुक्यातून येत होता. आता पानंच नाहीत तर धुकं नुसतं वरून निघून जातं. लूपवरची माती पायाखाली पीठ झालीय, ती यामुळेच असं मला वाटतं.

जा, बघा, जरूर बघा. फक्त "जंगल परतलं" असं म्हणू नका.

पायवाट

काका, पहिल्या पोस्टमध्ये मी डग्लस फरचा उल्लेखच केला नव्हता, बरं झालं तुम्ही लिहिलंत. पण "जंगल परतलं" असं मीही म्हटलेलं नाही हां. उलट मला ते आत्ता जे आहे तेच बघायचंय.

पीठ झालेली माती मलाही आठवते. पण त्याच मातीत, एका पडक्या ओंडक्याच्या सावलीत रेडवुड सॉरेल होतं. आपल्या आंबुशीच्या कुळातलंच, पानं मात्र बरीच मोठी. त्याचा एक भाग सावलीत आणि एक उन्हात होता. सावलीतली पानं आडवी पसरलेली, उन्हातली मधोमध दुमडून खाली मिटलेली. सूर्य सरकला तशी सीमारेषाही सरकली. मी तिथे बसून ते बघत होते आणि मागून येणारे लोक काय हरवलं म्हणून विचारत होते.

अवलिया

एक बाळबोध शंका. एवढी मेलेली डग्लस फर नुसती उभी ठेवण्यापेक्षा कापून लाकूड विकत का नाहीत? पैसेही मिळतील आणि पुढच्या आगीचं जळणही कमी होईल. आणि त्या जागी रेडवुडची रोपं लावायला आम्ही यायला तयार आहोत. आमच्या ऑफिसचा ग्रुप दरवर्षी झाडं लावायला कुठेतरी जातोच.

बीजांकुर

शंका बाळबोध अजिबात नाही, यावर तिथे जोरदार वाद होतात.

रस्ते, वाटा, इमारतींजवळची काढतात. बाकीची ठेवतात, कारण मेलेलं उभं झाड हे सुतार पक्षी, घुबडं, वटवाघळं, किडे या सगळ्यांचं घर असतं. शिवाय एवढी मोठी झाडं ओढून न्यायची तर यंत्रं आत न्यावी लागतील, आणि नव्याने फुटलेले कोंब आणि माती तुडवली जाईल. पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. पुढच्या काही वर्षांत ही झाडं कोसळतील आणि त्यांच्या मधून सिअ‍ॅनोथसची झुडपं वाढलेली असतील, म्हणजे जळणच जळण. म्हणून ठरवून लावलेल्या आगी आणि झुडपं विरळ करणं हे उद्यानाच्या योजनेत आहे.

रोपांचं मात्र विसरा. रेडवुड बुंध्यातून स्वतःच शेकड्याने फुटतोय, त्याला आपली गरज नाही. स्वयंसेवक हवेत ते परदेशी तण उपटायला आणि वाटा दुरुस्त करायला. फोटो तितके छान येत नाहीत त्या कामाचे. :)

अवलिया

टोमणा पोचला. :) तण उपटायला येतो.

टेकडीवाली

सिअ‍ॅनोथस म्हणजे निळ्या फुलांचं तेच का? आम्ही गेलो तेव्हा एप्रिल होता. वाटेच्या काही भागात दोन्ही बाजूंना डोक्याएवढी उंच झुडपं आणि त्यांवर फिकट निळ्या तुऱ्यांचे घोसच्या घोस, मधमाश्या नुसत्या घोंगावत होत्या. सासूबाईंनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला, तेवढा मात्र त्यांना आवडला. पायवाटने वसंताबद्दल विचारलं होतं म्हणून सांगितलं.

बीजांकुर

हो, तेच. त्याचं बी मातीत कित्येक दशकं पडून असतं, कठीण कवच आगीच्या उष्णतेने तडकल्याशिवाय रुजत नाही. गर्द सावलीच्या काळात तिथे त्याचा मागमूसही नव्हता. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतलं नायट्रोजन मातीत आणतात, म्हणजे राखेतून जे उडून गेलं त्यातलं थोडं भरून निघतं. वरची झाडं पुन्हा दाटली की ही झुडपं मरतील, बी मातीत ठेवून.

खारुताई

जाऊन आलो! वृत्तांत देते.

पार्किंगचं आरक्षण आधी केलं होतं ते बरं झालं, शनिवारी जागा फार थोडी असते. नकाशा घरूनच उतरवून घ्या, मोबाइलला तिथे अजिबात रेंज नाही. पाणी आणि टोप्या विसरू नका. पांढरे कपडे घालू नका, धाकटीने प्रत्येक खोडाला मिठी मारली आणि परत येताना ती ओळखू येत नव्हती.

थोरल्याला मी जुनाखोड काकांचं वाचून दाखवलं होतं. त्याने खेळच केला, प्रत्येक मोठं झाड जिवंत की मेलेलं ते ओळखायचं. सुरुवातीला दोघंही चुकत होती, कारण काळं दिसलं की मेलं असं वाटतं. मग एका रेंजरबाईंनी खूण सांगितली. आधी साल बघायची. उभे लांब धागे असतील तर रेडवुड, मग हिरवं शोधायचं, वर नाही दिसलं तर बुंध्याशी. जाड, खडबडीत, खपलीसारखी साल असेल तर डग्लस फर, त्याला वर हिरवं नसेल तर संपलं, बुंध्याशी बघायची गरज नाही. लूपच्या दुसऱ्या अर्ध्यात एकही चुकलं नाही. मधूनच एक डग्लस फर पूर्ण हिरवं निघालं तेव्हा दोघांनी एवढा आरडाओरडा केला की लोक वळून बघायला लागले.

एक प्रश्न: तिथे एका पाटीवर खाण्याचे कण अजिबात सांडू नका असं फार ठासून लिहिलंय. अस्वलं आहेत का?

जुनाखोड

अस्वलांसाठी नाही, ती पाटी मरलेटसाठी आहे. माणसांनी सांडलेल्या वेफर्स-ब्रेडवर 'जे' नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे पोसले जातात, त्यांची संख्या वाढते, आणि मग तेच पक्षी मरलेटची अंडी खातात. जिथे जंगलात मोजून काही जोड्या उरल्यात तिथे एक अंडं गेलं तरी त्या वर्षाची वीण गेली. वणव्याच्या खूप आधीपासून तिथे ही मोहीम चालू आहे. तुमचा डबा गाडीतच खा.

आणि ते हिरवं डग्लस फर नेमकं कुठे होतं? ओढ्याच्या बाजूला का? मला वाटतं मला ते झाड माहीत आहे.

खारुताई

हो, ओढ्याच्याच बाजूला, लाकडी कुंपण वळतं तिथे डाव्या हाताला. थोरल्याने फोटो काढलाय, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.